जुन्या आलिशान सेडानला चाकं आणि टायर कोणत्या मापाचे घ्यावेत?

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे. गाडी बीएमडब्ल्यूची ७ सीरिज, ई३८ पिढीतली. मूळची १६ इंची चाकं, साडेसात इंच रुंद, ऑफसेट २०; टायर २३५/६० आर१६. टायर संपत आलेत. त्याच कंपनीच्या बऱ्याच नंतरच्या एफ१० या ५ सीरिजची १९ इंची चाकं तुम्हाला वापरलेली मिळतायत, रिम साडेआठ इंची, ऑफसेट ३३. त्यांवर २४५/४० आर१९ टायर लावायचा विचार आहे. बोल्टची भोकं जुळतात, मग अडचण काय, आणि गाडीचा आराम जाणार नाही ना, असं तुम्ही विचारलंय.

उत्तर आधी सांगून टाकतो. ती चाकं घेऊ नका. १७ इंची चाकं आणि २३५/५५ आर१७ टायर घ्या. गाडी जरा भरदार दिसायला हवीच असेल, तर १८ इंच आणि २३५/५० आर१८ पर्यंत जायला माझी ना नाही. त्यापुढे जाऊ नये. आता कारणं सांगतो, म्हणजे उद्या दुसरी चाकं समोर आली तरी तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

जुन्या मोठ्या सेडानमध्ये टायर हा सस्पेन्शनचाच एक भाग असतो, हे लोक विसरतात. स्प्रिंग, शॉक अॅब्सॉर्बर आणि सांध्यांमधले रबरी बुश एका ठरावीक उंचीची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, गृहीत धरून जुळवलेले असतात. रस्त्यावरची बारीक खरखर, सांधे, खडी ही सगळी आधी साइडवॉल गिळते आणि उरलेलं स्प्रिंगकडे जातं. जग्वारने १९६८ साली एक्सजे६ आणली तेव्हा डनलॉपने तिच्यासाठी खास ई७० व्हीआर१५ मापाचा टायर बनवला होता. त्या गाडीच्या आरामाचं जे कौतुक झालं त्यात या टायरचा वाटा मोठा होता. पुढच्या तीस वर्षांतल्या बहुतेक आलिशान सेडान याच विचाराने बनल्या.

तुमच्या टायरची साइडवॉल किती उंच आहे ते काढू. मापातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, तिरक्या रेघेनंतरचा साइडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि आर नंतरचा रिमचे इंच. २३५ चे ६० टक्के म्हणजे १४१ मिलिमीटर. २३५/५५ आर१७ घेतलात तर १२९. २३५/५० आर१८ घेतलात तर ११७.५. आणि तुम्ही म्हणताय त्या २४५/४० आर१९ ची उंची फक्त ९८ मिलिमीटर. म्हणजे तब्बल ४३ मिलिमीटर रबर आणि हवा गेली आणि तिथे धातू आला. खड्ड्यात चाक आपटलं की १४१ मिलिमीटरचा टायर दबतो आणि सुटतो. ९८ चा टायर रिमपर्यंत चेपला जातो. मग एकतर रिमची आतली कड वाकते किंवा साइडवॉलवर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो फेकावाच लागतो.

आणखी एक गोष्ट बघा. एफ१० च्या चाकांवर टायर चढवलेले मिळत असतील तर ते बहुतेकदा रन-फ्लॅट असतात. हवा गेल्यावरही गाडीचं वजन पेलावं म्हणून त्यांची साइडवॉल मुद्दाम कडक केलेली असते. एफ१० चं सस्पेन्शन ते धरून बनवलंय, ई३८ चं नाही. चाकांसोबत फुकट मिळाले म्हणून ते टायर वापरलेत, तर गाडी लाकडी झाल्यासारखी चालेल.

आता एकूण व्यासाकडे येऊ. हिशेब सोपा आहे: रिमचे इंच गुणिले २५.४, त्यात साइडवॉलची दुप्पट मिळवायची. तुमचा मूळ टायर ४०६.४ अधिक २८२, म्हणजे ६८८.४ मिलिमीटर. २३५/५५ आर१७ येतो ६९०.३, फरक जेमतेम पाव टक्का. २३५/५० आर१८ येतो ६९२.२, फरक अर्धा टक्का. २४५/४० आर१९ येतो ६७८.६, म्हणजे जवळपास दीड टक्का लहान. १८ इंचात पुष्कळ लोक २४५/४५ लावतात, कारण तो सहज मिळतो, तो ६७७.७ येतो, म्हणजे तोही दीड टक्का लहान. दीड टक्क्याने आकाश कोसळत नाही. पण तेवढ्याने गाडी पाच मिलिमीटर खाली बसते, चाकाच्या कमानीतली फट वाढते, आणि चाक मोठं करूनही गाडी ओकीबोकी दिसते. मोठी चाकं लावूनही हवी तशी दिसत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या अनेकांचं कारण हेच असतं: रिम वाढवला, पण टायरचा व्यास कमी केला.

व्यास वाढवताना मात्र हात आखडता ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आयोगाच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही. थोडा जास्त दाखवलेला चालतो. म्हणून कारखान्यातून काटा किंचित पुढेच ठेवलेला असतो. टायर लहान झाला तर काटा आणखी पुढे पळतो, त्यात धोका नाही. टायर मोठा झाला तर ती सवलत संपत जाते आणि तुम्ही समजता त्यापेक्षा गाडी जोरात असते. माझा नेम असा: लहान बाजूला दोन टक्के, मोठ्या बाजूला एक टक्का, आणि शक्यतो शून्याच्या जवळ.

पुढच्या-मागच्या टायरमधला फरक याहून महत्त्वाचा आहे. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकं अडकू किंवा घसरू न देणाऱ्या यंत्रणा, चारही चाकांचे वेग सतत ताडून पाहतात. मागे रुंद टायर लावायचे असतील तर दोन्हींचा व्यास जुळला पाहिजे. कारखान्याने ई३८ ला १८ इंचात पुढे २३५/५० आणि मागे २५५/४५ दिले होते. हिशेब करून पाहा: ६९२.२ आणि ६८६.७, फरक एक टक्क्याच्या आत. कोणी पुढे २४५/४५ आणि मागे २७५/४५ सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा, तिथे हा फरक चार टक्क्यांपर्यंत जातो. माझं स्वतःचं मत विचाराल तर चारही चाकं एकाच मापाची ठेवा. टायर आलटून पालटून लावता येतात, चौघेही सारखे झिजतात, आणि अडीअडचणीला एकच टायर शोधावा लागतो.

तुमच्या बाबतीत खरी अडचण ऑफसेटची आहे. 'बोल्टची भोकं जुळतात' या वाक्यावर विसंबून अनेकांचे पैसे वाया गेलेत. ऑफसेट म्हणजे चाक हबला (चाक ज्यावर बोल्टने बसतं त्या मधल्या भागाला) जिथे टेकतं ती पातळी आणि रिमची मधली रेषा यांतलं अंतर, मिलिमीटरमध्ये. ते जितकं जास्त, तितकं चाक आत, सस्पेन्शनकडे सरकतं. रिमची आतली कड हबच्या पातळीपासून किती आत जाते हे काढायचं तर रिमची अर्धी रुंदी अधिक ऑफसेट. बाहेरची कड काढायची तर अर्धी रुंदी वजा ऑफसेट.

मूळ चाक साडेसात इंची, म्हणजे अर्धी रुंदी ९५.२५ मिलिमीटर. आत ११५.२५, बाहेर ७५.२५. एफ१० चं चाक साडेआठ इंची, अर्धी रुंदी १०७.९५. आत १४०.९५, बाहेर ७४.९५. म्हणजे बाहेरून चाक होतं तिथेच राहिलं, आणि अख्खा वाढीव इंच आत घुसला. रिमची कड २५ मिलिमीटरहून जास्त आत सरकली. टायरचा फुगवटा तितका सरकत नाही, कारण जुना उंच टायर रिमच्या बाहेर फुगलेला असतो आणि नवा बुटका टायर रिमवर ताणून बसतो. तरी तोही साधारण १४ मिलिमीटर आत जातो. पुढच्या बाजूला स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरचा उभा खांब) आणि टायर यांच्यात एवढी मोकळी जागा असेल हे गृहीत धरणं चूक आहे.

'मग स्पेसर टाकू', म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये चकती घालू, असं कोणी ना कोणी सांगणारच. पंधरा मिलिमीटरचा स्पेसर टाकलात तर आतली कड १२६ वर येते, पण बाहेरची ९० वर जाते, म्हणजे मूळपेक्षा १५ मिलिमीटर मडगार्डकडे. मागे चार माणसं आणि डिकीत सामान असताना गाडी एखाद्या उंचवट्यावरून बसली की टायर कमानीच्या दुमडलेल्या पत्र्याला लागेल. शिवाय लांब बोल्ट लागतात, आणि स्पेसरला स्वतःचा मधला उंचवटा नसेल तर चाक फक्त बोल्टच्या आधाराने मधोमध बसतं. चांगला, हबवर घट्ट बसणारा स्पेसर वाईट नाही. पण चुकीचं चाक बरोबर करायला तो वापरू नये.

याउलट आठ इंची, ऑफसेट २० चं १८ इंची चाक घ्या. अर्धी रुंदी १०१.६. आत १२१.६, बाहेर ८१.६. दोन्ही बाजूंना सहा-सात मिलिमीटर. टायर तोच २३५ रुंदीचा असल्याने त्याचा फुगवटा दोन-अडीच मिलिमीटरच हलतो. गाडीला त्याचा पत्ताही लागत नाही. ऑफसेट मूळच्या जवळ ठेवण्याचं आणखी एक कारण आहे: स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे मिळतो आणि टायर जिथे टेकतो, त्या दोन बिंदूंमधलं अंतर ऑफसेटबरोबर बदलतं. ते बिघडलं की ब्रेक मारताना स्टिअरिंग हातातून ओढलं जातं आणि बेअरिंगवरचा भारही वाढतो.

चाकं विकत घेण्याआधी ती गाडीला लावून पाहू द्या अशी अट घाला, आणि आपल्या जुन्या चाकावरच मोजमाप करून जा. गाडी जमिनीवर उभी असताना स्टिअरिंग सरळ ठेवा आणि पुढच्या चाकामागे हात घालून टायरचा वरचा खांदा स्ट्रटच्या सर्वांत जवळ कुठे येतो ते चाचपा. त्या फटीत ड्रिलचं बिट आडवं सरकवा. दहा मिलिमीटरचं गेलं तर बाराचं, बाराचं गेलं तर चौदाचं. जे शेवटचं मोकळेपणाने जातं ती तुमची आतली जागा. त्यातून टायरची सरक वजा केल्यावर किमान पाच-सहा मिलिमीटर उरलेच पाहिजेत, कारण वळणावर टायरही वाकतो आणि जुने बुशही. मग स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून हेच पुन्हा करा. नवं चाक लावल्यावर कमानीच्या आतल्या कडेला खेळायच्या मातीचे छोटे गोळे चिकटवा, मागे माणसं बसवा, आणि एखाद्या खडबडीत रस्त्यावरून हळू फेरी मारा. गोळा चेपला असेल तर किती जागा उरली ते त्याची जाडीच सांगते. मागच्या बाजूला उंची आपोआप राखणारं सस्पेन्शन असेल तर ते सर्वांत खाली असताना तपासा.

भाराचा मुद्दा दुकानात कोणी काढत नाही, पण जड गाडीत मी तो सोडत नाही. टायरवर मापानंतर आकडा आणि अक्षर असतं. आकडा भाराचा, अक्षर वेगाचं. १०० म्हणजे ८०० किलो, ९९ म्हणजे ७७५, ९७ म्हणजे ७३०, ९६ म्हणजे ७१०, ९४ म्हणजे ६७०. अक्षरांत एच ताशी २१० किलोमीटरपर्यंत, व्ही २४०, डब्ल्यू २७०. तुमचा २३५/६० आर१६ साधारणपणे १०० चा असतो. २३५/५५ आर१७ मिळतो ९९ चा, म्हणजे जवळपास तेवढाच. २४५/४५ आर१८ साध्या बांधणीत ९६ चा, आणि २४५/४० आर१९ साध्या बांधणीत ९४ चा. प्रत्येक चाकामागे १३० किलो क्षमता कमी झाली.

यावर 'एक्सएल (जादा भाराच्या बांधणीचा) घ्या, ९८ चा मिळतो' असं सांगतील. खरं आहे, ९८ म्हणजे ७५० किलो. पण एक्सएल टायर तो भार पेलतो २.९ बारवर, म्हणजे ४२ पीएसआयला. साधा टायर आपला भार २.५ बारवर, ३६ पीएसआयला पेलतो. एक्सएलमध्ये तुम्ही नेहमीचीच हवा ठेवलीत तर तो साध्या ९४ च्या टायरइतकंच ओझं घेतो. म्हणजे आधीच बुटक्या टायरमध्ये जास्त हवा भरायची, आणि आरामाचं जे काही उरलं होतं तेही घालवायचं. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर मागच्या अॅक्सलचा कमाल भार लिहिलेला असतो. त्याच्या निम्म्यापेक्षा टायरचा आकडा चांगला दीडशे किलोने जास्त असावा असं मी धरतो. रिमलाही स्वतःची भारक्षमता असते. आतल्या बाजूला ती ओतलेली किंवा कोरलेली दिसते. नक्कल केलेल्या स्वस्त चाकांवर दिसली नाही तर ते चाक तिथेच ठेवा.

हब आणि बोल्टबद्दल थोडक्यात. ई३८ चं मधलं भोक ७२.६ मिलिमीटर, पण त्याच काळातल्या ई३९ या ५ सीरिजचं ७४.१. म्हणून ई३९ ची चाकं तुमच्या गाडीला लावायची तर मध्ये दीड मिलिमीटरची भर घालणाऱ्या रिंगा हव्यात, नाहीतर ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं. आणि ई३८ ची चाकं ई३९ वर बसतच नाहीत. जग्वारचा बोल्टवर्तुळाचा व्यास १२०.६५ आणि बीएमडब्ल्यूचा १२०. हाताने लावताना बसल्यासारखं वाटतं, पण प्रत्येक बोल्ट तिरका ओढला जातो. हे कधीही करू नका. बीएमडब्ल्यूच्या बोल्टचं बूड शंकूसारखं निमुळतं असतं, मर्सिडीझचं गोलाकार. एकाचे बोल्ट दुसऱ्याच्या चाकात घट्ट झाल्यासारखे वाटतात, पण कडेवरच टेकतात आणि चालता चालता सैल होतात. बोल्टची लांबीही तपासा. हाताने फिरवताना आठेक आटे आत जायला हवेत. आणि फार लांब बोल्ट मागच्या चाकात हँडब्रेकच्या भागांना लागू शकतो, म्हणून बोल्ट आवळल्यावर चाक मोकळं फिरतंय ना ते पाहा.

ज्यांच्याकडे याहून जुनी गाडी आहे त्यांनी रिमवर ३९० असा आकडा आहे का ते बघावं. १९७० आणि ८० च्या दशकांत काही बीएमडब्ल्यू आणि सुरुवातीच्या एक्सजे४० जग्वार गाड्यांना मिलिमीटरमधली चाकं आली होती. त्या रिमची कड वेगळ्या आकाराची असते, त्यामुळे इंचाचा टायर त्यावर चढवायचा नसतो. ३९० म्हणजे १५.३५ इंच, पंधरा नव्हे. तिथे त्याच गाडीला नंतर दिलेली १५ किंवा १६ इंची चाकं शोधणं हाच शहाणपणाचा मार्ग. तुम्हाला १७ इंच सुचवण्यामागेही थोडा हाच विचार आहे. १६ इंचात २३५/६० हे माप आता निवडक टायरांतच मिळतं, २३५/५५ आर१७ मध्ये निवड जास्त आहे. मूळ मापात मनासारखा टायर मिळत असेल, तर काहीही न बदलता तोच लावणं हा सर्वांत आरामदायी पर्याय, आणि मला तो मनापासून आवडतो.

एक पैसाही चाकांवर घालण्याआधी गाडीखाली जाऊन या. ई३८ च्या पुढच्या थ्रस्ट आर्मच्या (चाकाला पुढे-मागे हलू न देणाऱ्या दांडीच्या) बुशमध्ये द्रव भरलेला असतो. रबर फाटलं की तो झिरपतो आणि बुशखाली काळा, तेलकट ओघळ दिसतो. असा बुश असताना ब्रेक मारला की स्टिअरिंग हलतं, आणि लोक टायर बदलत बसतात. या गाडीचं स्टिअरिंग दातेरी पट्टीचं, म्हणजे रॅकचं नाही, रिसर्क्युलेटिंग बॉलचं, म्हणजे पेटी आणि दांड्यांचं आहे. मधल्या दांडीत आणि तिला दुसऱ्या बाजूने धरणाऱ्या आयडलर आर्ममध्ये थोडी जरी ढिलाई असली तरी रुंद टायर रस्त्यावरच्या चरांमागे भरकटतात. उंच, अरुंद टायर ही ढिलाई झाकतो, बुटका टायर ती उघडी पाडतो. बुश, दांड्या आणि शॉक अॅब्सॉर्बर आधी, मग चाकं, मग अलाइनमेंट, याच क्रमाने खर्च करा.

वापरलेली चाकं घेताना ती बॅलन्सिंग मशीनवर नुसतीच, टायरशिवाय फिरवून बघा. आतली कड डुलते का, वर-खाली होते का, हे डोळ्यांना दिसतं. आतून वेल्डिंगची रेघ किंवा घासून रंगवलेला पट्टा दिसला तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका. टायर घेताना साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांनंतर दरवर्षी भेगा तपासायच्या, दहाव्या वर्षी नक्षी कितीही शिल्लक असली तरी टायर काढायचा. या गाडीला स्पोर्ट प्रकारचे, कडक बांधणीचे टायर नकोत. शांत, लांबच्या प्रवासासाठी बनवलेले आरामदायी टायर घ्या, आणि चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे घ्या.

चाकं बसवल्यावर बोल्ट टॉर्क रेंचनेच, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर आवळून घ्या. न्यूमॅटिक गनने केलेलं काम मान्य करू नका. शंभरेक किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा एकदा रेंच लावून बघा. हवा पट्टीवरच्या आकड्यापासून सुरू करा, टायर थंड असताना. स्टेपनी जुनीच, १६ इंची राहिली तरी चालेल; २३५/५५ आर१७ शी तिचा व्यास जुळतो. मात्र तिचे बोल्ट वेगळ्या लांबीचे असतील तर पाच बोल्ट पिशवीत घालून स्टेपनीसोबतच ठेवा.